पाटी पुसण्याआधी

बेळगावहून लोंढ्याकडे निघालेली गाडी खानापूर सोडते तशी शेतं मागे पडून झाडी दाट होऊ लागते. पुढचं स्टेशन गुंजी. या भागात गुंजी म्हटलं की लोकांना आधी माउली देवी आठवते, मग गोव्याचा रस्ता आणि त्यानंतर रेल्वे. स्टेशन लहानच. पण कुठल्याही लहान स्टेशनावर लिहिलेली अक्षरं दोन तऱ्हेची असतात, आणि या प्रकरणात जे शिकायचं ते बहुतेक सगळं त्या दोन तऱ्हांमध्ये आहे.

पहिली तऱ्हा फलाटाच्या टोकाला असते. पिवळी पाटी, तिच्यावर काळ्या रंगात गावाचं नाव आणि खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. ही अक्षरं रंगाऱ्याची. ती बदलायची तर वरून हुकूम यावा लागतो, रंगाचा डबा यावा लागतो आणि पाटी पुन्हा रंगवावी लागते. दुसरी तऱ्हा फळ्यावरची. गाडीला उशीर झाला की तिथे खडूने लिहितात, ‘३५ मिनिटे उशिरा’. तासाभराने उशीर वाढला तर लिहिणारा माणूस सगळा फळा धूत बसत नाही. बोटाने ‘३५’ पुसतो, तिथे ‘५०’ लिहितो आणि आत जातो. ‘मिनिटे उशिरा’ हे शब्द जागचे हलत नाहीत.

वेब पानाचंही असंच आहे. एचटीएमएल ही रंगाऱ्याची भाषा. सर्नमध्ये काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभारलं आणि १९९१ साली ते बाहेरच्या जगाला खुलं झालं, तेव्हा पान म्हणजे रंगवलेली पाटीच होती. सर्व्हरने पाठवली तशी ती दिसायची. तिच्यातला एक आकडा जरी बदलला तरी सगळं पान नव्याने मागवावं लागे. फळा आणि खडू आले १९९५ साली. नेटस्केप कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या ब्रेंडन आयिक यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात, दहा दिवसांत, ब्राउझरच्या आत चालणारी एक छोटी भाषा तयार केली. तिचं नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट असं झालं. बॉम्बेचं मुंबई झालं तेही १९९५ सालीच. नावं बदलण्याच्या या विषयाकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

एक सूचना. या पुस्तकात जावास्क्रिप्टच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. कळफलकावर त्या रोमन लिपीत, लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळून टाइप कराव्या लागतात. मात्र अवतरणचिन्हांमधली मराठी नावं जशीच्या तशी देवनागरीत लिहिली तरी चालतात. घटकाचा आयडी ‘उशीर’ असा ठेवला तर आजच्या ब्राउझरची काहीच तक्रार नसते.

पानाची वंशावळ

समजा, आपल्याला गुंजी स्टेशनासाठी एक साधं पान करायचं आहे. वर मोठ्या अक्षरात गावाचं नाव. त्याखाली एक परिच्छेद, ‘गाडी ३५ मिनिटे उशिरा’, त्याचा आयडी ‘सूचना’. त्यातल्या ३५ या आकड्याभोवती स्पॅनचा टॅग, त्याचा आयडी ‘उशीर’. परिच्छेदाखाली गाड्यांची यादी, तिचा आयडी ‘गाड्या’. आपल्या दृष्टीने ही चार ओळींची फाइल आहे.

ब्राउझर मात्र ती फाइल वाचून झाल्यावर तिच्याकडे पुन्हा बघत नाही. वाचता वाचता तो स्मरणात एक वंशावळ मांडतो. सर्वांत वर डॉक्युमेंट हा मूळपुरुष, त्याच्या पोटी एचटीएमएल, त्याच्या पोटी हेड आणि बॉडी ही भावंडं. बॉडीच्या पोटी मथळा, परिच्छेद आणि यादी. परिच्छेदाच्या पोटी तीन मुलं: ‘गाडी’ हा मजकूर, मग स्पॅन, मग ‘मिनिटे उशिरा’ हा मजकूर. स्पॅनच्या पोटी एकच मूल, ‘३५’. या वंशावळीला डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल किंवा थोडक्यात डॉम म्हणतात. पडद्यावर दिसतं ते या वंशावळीचं चित्र. जावास्क्रिप्ट बदलते ती ही वंशावळ, आणि वंशावळ बदलली की चित्र आपोआप बदलतं.

यातून निघणारी एक गोष्ट नवशिक्यांना हमखास चकवते. सर्व्हरवरची फाइल तशीच राहते. बदल झाला तो फक्त तुमच्या ब्राउझरमध्ये, तोही पान उघडं आहे तोवर. गुंजीच्या फळ्यावर लिहिलेलं लोंढ्याच्या फळ्यावर उमटत नाही, तसंच हे. पान रिफ्रेश केलं की पुन्हा ‘३५’. बदल सर्वांना दिसायला हवा असेल तर तो सर्व्हरपर्यंत कळवावा लागतो आणि प्रत्येकाच्या पानाने तो तिथून मागवून घ्यावा लागतो. त्यासाठी फेच ही वेगळी आज्ञा आहे, तिचं प्रकरण पुढे येईल.

आधी जागा, मग खडू

काही बदलायचं तर आधी ते नेमकं कुठे आहे हे सांगावं लागतं. सर्वांत सरळ मार्ग आयडीचा:

डॉक्युमेंट.गेटएलिमेंटबायआयडी("उशीर")

एका पानात एक आयडी एकाच घटकाला द्यायचा असतो, त्यामुळे उत्तर एकच मिळतं. दुसरा मार्ग अधिक लवचीक आहे. क्वेरीसिलेक्टर ही आज्ञा पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्याच खुणांनी शोधते. तिला "#उशीर" सांगा, ".रद्द" हा क्लास सांगा किंवा "यादीतली तिसरी ओळ" हेही तिच्या भाषेत सांगा. ती पहिला जुळणारा घटक आणून देते. सगळेच हवे असतील तर क्वेरीसिलेक्टरऑल.

शोधलेलं सापडलं नाही तर ब्राउझर ओरडत नाही, हातात नल ठेवतो. नल म्हणजे काहीच नाही. ओरडा होतो तो त्यानंतर, त्या ‘काहीच नाही’वर लिहायला गेल्यावर. नवशिक्या शपथेवर सांगतो की आयडी बरोबर आहे, आणि बहुतेक वेळा तो खरंच बरोबर असतो. चुकलेली असते ती वेळ. स्क्रिप्टचा टॅग पानाच्या डोक्यावर लिहिलेला असतो आणि ब्राउझर वरून खाली वाचत जातो. स्क्रिप्ट चालते तेव्हा खालचा परिच्छेद वंशावळीत जन्मालाच आलेला नसतो. फळा टांगण्याआधीच माणूस खडू घेऊन पोचला, असं होतं. स्क्रिप्टच्या बाहेरच्या फाइलला डिफर हा गुणधर्म द्या किंवा स्क्रिप्ट बॉडीच्या तळाशी ठेवा, की हे दुखणं संपतं.

नुसती अक्षरं

जागा मिळाली. आता आकडा बदलूया:

डॉक्युमेंट.गेटएलिमेंटबायआयडी("उशीर").टेक्स्टकंटेंट = "५०";

टेक्स्टकंटेंट म्हणजे त्या घटकाच्या पोटातला सगळा मजकूर. बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडे जे द्याल ते अक्षरशः तसंच पानावर येतं. त्यात टॅग लिहिला तर टॅगही अक्षरं म्हणून दिसतो, ठळक बिळक काही होत नाही. हा दोष वाटेल, पण टेक्स्टकंटेंटची सगळी थोरवी यातच आहे. ती थोड्याच वेळात कळेल.

याचा एक चुलतभाऊ आहे, इनरटेक्स्ट. दोघं दिसायला सारखे, पण इनरटेक्स्ट वाचताना पडद्यावर काय दिसतंय याचा विचार करतो. सीएसएसने लपवलेला मजकूर तो देत नाही, टेक्स्टकंटेंट देतो. दिसण्याचा हिशेब मांडावा लागत असल्यामुळे इनरटेक्स्टला कामही जास्त पडतं. नेहमीच्या वापराला टेक्स्टकंटेंट बरा.

मराठीत पान करणाऱ्यांसाठी इथे दोन खड्डे आहेत. टेक्स्टकंटेंट वाचला की हाती येते ती अक्षरांची माळ, संख्या नव्हे. त्यामुळे इंग्रजी अंकांतल्या पस्तीसमध्ये दहा मिळवायला गेलात तर पंचेचाळीसऐवजी पस्तीसशे दहा दिसतात, कारण दोन माळा एकमेकींना जोडल्या जातात. म्हणून आधी नंबर या आज्ञेने संख्या करून घ्यायची. आणि तिथे दुसरा खड्डा: नंबरला देवनागरी अंक कळत नाहीत. "३५" दिले की ती ‘नॅन’ म्हणते, म्हणजे हा आकडाच नव्हे. तेव्हा हिशेबाचा आकडा वेगळ्या चलात ठेवा, त्यावर बेरीज-वजाबाकी करा आणि शेवटी लिहिताना टूलोकेलस्ट्रिंग या आज्ञेला मराठीचा संकेत देऊन देवनागरी अंक करून घ्या. दाखवायचा आकडा निराळा आणि मोजायचा निराळा. किराणा दुकानदाराच्या वहीत आणि मनात जसे दोन हिशेब असतात, तसे हे दोन.

इनरएचटीएमएल: धारदार विळी

उशीर पन्नास मिनिटांवर गेला की आकडा ठळक दिसावा, असं वाटलं. म्हणजे अक्षरांसोबत टॅगही लिहायचा आहे. त्यासाठी इनरएचटीएमएल:

डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टर("#सूचना").इनरएचटीएमएल = "गाडी <बी>५०</बी> मिनिटे उशिरा";

हा गुणधर्म मायक्रोसॉफ्टने १९९७ साली इंटरनेट एक्सप्लोरर ४ सोबत आणला. तोवर नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांची चुरस इतकी वाढली होती की पान बदलणारी प्रत्येक स्क्रिप्ट दोनदा लिहावी लागे, एक या ब्राउझरसाठी आणि एक त्या. एकाच अर्जाच्या दोन भाषांतल्या प्रती काढायची सवय असलेल्या सीमाभागातल्या वाचकाला ही कटकट वेगळी समजावून सांगायला नको. १ ऑक्टोबर १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डॉमचं पहिलं प्रमाण जाहीर केलं आणि ही दुहेरी लिखापढी हळूहळू कमी झाली. इनरएचटीएमएल त्या प्रमाणात नव्हता. पण लोकांना तो इतका सोयीचा वाटला की इतर ब्राउझरांनीही घेतला आणि पुढे तो प्रमाणातही आला.

सोय कसली, तर टॅगांसकट मजकूर दिला की ब्राउझर तो नव्याने वाचतो आणि त्याची छोटी वंशावळ मांडतो. धार कसली, तर त्या घटकाच्या पोटात आधी जे होतं ते सगळं जातं. आत एखादं बटण होतं आणि त्याला ‘दाबल्यावर हे कर’ असं जावास्क्रिप्टने शिकवलेलं होतं, तर नवं बटण दिसायला हुबेहूब तेच येतं, पण शिकवलेलं विसरलेलं असतं. यादीत एक ओळ वाढवायला ‘इनरएचटीएमएल +=’ असं लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांना वाटतं, आपण खाली एक ओळ जोडली. प्रत्यक्षात ब्राउझर आधीच्या सगळ्या ओळी मजकुरात बदलतो, त्याला नवी ओळ जोडतो, जुनी यादी टाकून देतो आणि सगळी यादी पुन्हा मांडतो. एका आकड्यासाठी फळा धुतला जातो तो असा.

याहूनही जुना मार्ग म्हणजे डॉक्युमेंट.राइट. पान वाचलं जात असताना तो जागच्या जागी मजकूर ओततो. पान पूर्ण झाल्यावर चुकून चालवला तर मात्र सबंध पान पुसून नवं सुरू करतो. फळ्यावरचा आकडा बदलायला गेला आणि स्टेशन पाडून आला, असा हा प्रकार. त्याची ओळख असू द्या, वापर नको.

परक्याचा मजकूर

आता टेक्स्टकंटेंटची थोरवी. आपल्या पानावर प्रवाशांनी अभिप्राय लिहायची सोय केली आणि आलेला अभिप्राय इनरएचटीएमएलने दाखवला, असं समजा. एखाद्याने अभिप्रायात शब्दांऐवजी टॅग लिहून पाठवला. आपण खडू त्याच्याच हातात दिलेला असतो. इनरएचटीएमएलने आलेला स्क्रिप्टचा टॅग ब्राउझर चालवत नाही, तसा नियमच आहे. पण तेवढ्याने निभावत नाही. अस्तित्वात नसलेल्या चित्राचा टॅग लिहायचा आणि त्यालाच ‘चित्र न मिळाल्यास हे चालव’ अशी सूचना जोडायची, एवढी युक्ती पुरते. मग पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये त्या परक्याची आज्ञा चालते.

ही भीती कल्पनेतली नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेस या तेव्हाच्या मोठ्या समाजमाध्यमावर सॅमी कामकार या तरुणाने स्वतःच्या पानात थोडी जावास्क्रिप्ट पेरली. ते पान पाहणाऱ्याच्या नकळत सॅमीला मैत्रीची विनंती जायची, त्या पाहणाऱ्याच्या पानावर सॅमी आपला हिरो असल्याचं लिहिलं जायचं आणि तीच जावास्क्रिप्ट त्याच्याही पानात उतरायची. वीस तासांत दहा लाखांहून अधिक खाती बाधित झाली आणि मायस्पेसला आपलं संकेतस्थळ काही काळ बंद ठेवावं लागलं. यातला आपल्या कामाचा तपशील असा. मायस्पेसने ‘इनरएचटीएमएल’ हा शब्द धोक्याचा म्हणून गाळायची व्यवस्था केलेली होती. सॅमीने तो शब्द दोन तुकड्यांत लिहिला आणि चालवताना जोडला. गाळणीला अर्धे शब्द दिसले, ब्राउझरला पूर्ण.

शब्द गाळून धोका टळत नाही, हा त्यातला धडा. जो मजकूर आपण स्वतः लिहिलेला नाही तो टेक्स्टकंटेंटनेच दाखवायचा. तिथे टॅग ही नुसती अक्षरं असतात आणि अक्षरांना हात-पाय नसतात. फेसबुकने २०१३ साली खुल्या केलेल्या रिॲक्ट या साधनात इनरएचटीएमएलचं काम करणाऱ्या गुणधर्माच्या नावातच ‘डेंजरसली’ हा शब्द घातलेला आहे. लिहिणाऱ्याने तो पूर्ण शब्द टाइप करताना तरी थबकावं, ही अपेक्षा.

जन्म, जागा आणि निरोप

टॅग तर हवेत, पण विळी नको. अशा वेळी घटक हाताने घडवायचा:

लेट ओळ = डॉक्युमेंट.क्रिएटएलिमेंट("एलआय");
ओळ.टेक्स्टकंटेंट = "लोंढ्याकडे जाणारी पॅसेंजर";
डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टर("#गाड्या").अपेंड(ओळ);

पहिल्या ओळीत घटक जन्मला, पण तो अजून वंशावळीत नाही, त्यामुळे दिसतही नाही. दुसरीत त्याला मजकूर मिळाला. तिसरीत तो यादीच्या पोटी शेवटचं मूल म्हणून बसला. आधीच्या ओळींना धक्का लागला नाही. सर्वांत आधी बसवायचा तर प्रिपेंड, एखाद्या भावंडाच्या अलीकडे बिफोर, पलीकडे आफ्टर, त्याच्या जागी दुसरा आणायचा तर रिप्लेसविथ आणि काढून टाकायचा तर रिमूव्ह. एक गंमत लक्षात ठेवा. वंशावळीत आधीपासून असलेला घटक दुसरीकडे अपेंड केला तर त्याची प्रत निघत नाही, तो स्वतःच उठून तिकडे जातो. एक माणूस एका वेळी एकाच डब्यात.

मजकूर आपल्याच हातचा असेल आणि घडवत बसायचा कंटाळा असेल, तर इन्सर्टॲडजेसंटएचटीएमएल हा मधला मार्ग आहे. त्याला घटकाच्या आधी, घटकाच्या आत सुरुवातीला, आत शेवटी आणि घटकानंतर अशा चारपैकी एक जागा सांगायची. तो तिथे टॅगांसकट मजकूर घुसवतो, पण आधीचं काही मोडत नाही. परक्याच्या मजकुराबाबतचा इशारा इथेही लागू.

कधी मजकुराला हातही लावायचा नसतो. गाडी रद्द झाली तर तिच्या ओळीला ‘रद्द’ हा क्लास द्यायचा, म्हणजे क्लासलिस्ट.ॲड("रद्द"). ती ओळ लाल करायची की तिच्यावर काट मारायची हे सीएसएस पाहील. चित्राचा पत्ता, दुव्याचं ठिकाण हे सेटॲट्रिब्यूटने बदलतं. मराठी पानासाठी यातला फार दुर्लक्षिलेला गुणधर्म म्हणजे लँग. पान कानडीतून मराठीत आणणारं बटण करताना लोक शब्द बदलतात आणि लँग तसाच ठेवतात. मग पान वाचून दाखवणारं साधन मराठी मजकुराला कानडी समजून अडखळतं. लँग हिंदीचा राहिला, तर ज्या टंकांत दोन्ही वळणं आहेत त्यांत ल आणि श मराठी वळणाचे न येता हिंदी वळणाचे येतात. शब्द बदलले, तर भाषेची खूणही बदलली पाहिजे.

बेळगाव पुसून बेळगावी

आता सगळ्याची परीक्षा घेणारं एक काम. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी एचटीएमएल ५ हे अधिकृत प्रमाण झालं. त्यानंतर चारच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावं बदलली. बँगलोरचं बेंगळुरू, मैसूरचं मैसुरू, हुबळीचं हुब्बळ्ळी आणि बेळगावचं बेळगावी. हा बदल कोणाला कसा वाटला हे या भागात कोणालाही विचारा, भरभरून उत्तर मिळेल. पण ते या पुस्तकाचं काम नव्हे. आपलं काम त्या दिवशी एखाद्या संस्थेच्या मराठी पानाची जबाबदारी ज्याच्यावर होती त्याचं. त्याला सांगितलं गेलं, नाव बदलून टाका.

त्याने आजच्या जावास्क्रिप्टमधल्या एका ओळीत काम उरकलं, असं समजा:

डॉक्युमेंट.बॉडी.इनरएचटीएमएल = डॉक्युमेंट.बॉडी.इनरएचटीएमएल.रिप्लेसऑल("बेळगाव", "बेळगावी");

सबंध बॉडीचा मजकूर घेतला, नाव बदललं, परत ठेवला. आता पान वाचून बघा. ‘बेळगावला’चं ‘बेळगावीला’ झालं, ते चालून जाईल. ‘बेळगावात’चं मात्र ‘बेळगावी’ला एक सुटा काना आणि त जोडलेलं कडबोळं झालं, कारण आपल्या भाषेत प्रत्यय शब्दाला चिकटून येतो. बेळगावकर आडनावाचे गृहस्थ बेळगावीकर झाले. ‘बेळगावी कुंदा’ तर आधीपासूनच बेळगावी होता, त्याला आता दोन वेलांट्या आल्या. ज्या चित्राच्या फाइलच्या नावात बेळगाव होतं त्याचा पत्ता बदलला आणि चित्र नाहीसं झालं. बटणं शिकवलेलं विसरली. कोणी अर्ज अर्धा भरून ठेवला होता तो कोरा झाला, कारण टाइप केलेला मजकूर इनरएचटीएमएलमध्ये येतच नाही. आणि ही ओळ चुकून दुसऱ्यांदा चालली तर झालेल्या प्रत्येक बेळगावीवर आणखी एक वेलांटी.

शिवाय इतिहासाचा प्रश्न उरतोच. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं ते बेळगावला. १९४६ सालचं साहित्य संमेलन झालं तेही बेळगावला. ती वाक्यं बदलायची की नाही, हे रिप्लेसऑलला कुठून कळणार? ते माणसाने ठरवायचं असतं.

मग कसं करायचं? जुनं पानच हाती असेल तर वंशावळीतून फक्त मजकुराच्या गाठी, म्हणजे नोड, वेचायच्या. त्यासाठी क्रिएटट्रीवॉकर आहे. तो घटकांना, पत्त्यांना, बटणांना न शिवता नुसत्या अक्षरांच्या नोडवरून चालत जातो. प्रत्येक नोडमध्ये नाव बदलायचं ते ‘पुढे अक्षर किंवा मात्रा नसेल तरच’ या अटीवर. ही अट नियमित पदावलीत (रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये) लिहिताना शब्दाची कड दाखवणारी नेहमीची खूण वापरू नका. ती रोमन अक्षरांपुरती बनलेली आहे, देवनागरी शब्दाची कड तिला दिसत नाही. २०१८ पासून जावास्क्रिप्टमध्ये युनिकोडच्या ‘अक्षर’ आणि ‘मात्रा’ या वर्गांची नावं घेऊन अट घालता येते, ती घाला. प्रत्यय लागलेली रूपं या चाळणीतून मुद्दाम मागे राहतील. ती हाताने पाहायची.

पान पहिल्यापासून आपल्या हाती असेल तर एवढाही खटाटोप नको. जिथे शहराचं आजचं नाव म्हणून शब्द येतो तिथे स्पॅन घालून त्याला ‘शहर’ असा क्लास द्यायचा. इतिहासातल्या वाक्यांना, आडनावांना, कुंद्याला तो द्यायचा नाही. मग बदलाच्या दिवशी:

डॉक्युमेंट.क्वेरीसिलेक्टरऑल(".शहर").फॉरईच(घ => घ.टेक्स्टकंटेंट = "बेळगावी");

ही ओळ शंभरदा चालली तरी फरक पडत नाही. उद्या नाव पुन्हा बदललं तर एकच शब्द बदलायचा. क्लासचं नाव मात्र ‘शहर’ असंच हवं. कोणी हौसेने तिथे ‘बेळगाव’ असा क्लास ठेवला, तर नाव बदलल्यावर खूणही बदलायचा मोह होतो आणि त्या खुणेवर उभी असलेली बाकीची स्क्रिप्ट कोसळते. दाखवायचं नाव आणि ओळखायची खूण या दोन वेगळ्या चिजा आहेत.

रेल्वेला हे जावास्क्रिप्टच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा फलाटावरची पाटी बदलली, वेळापत्रक बदललं. स्टेशनाचा संकेत मात्र बीजीएम होता तो बीजीएमच राहिला. बॉम्बेचं मुंबई होऊन इतकी वर्षं झाली तरी विमानाच्या सामानाच्या चिठ्ठीवर बीओएमच येतं. तो संकेत बदलायचा तर त्याच्यावर टांगलेलं सगळं आरक्षण हलवावं लागेल, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही.

त्यामुळे गुंजीच्या खिडकीशी कोणी ‘एक बेळगाव’ म्हटलं, तर कुठे काही अडत नाही. मागणाऱ्याच्या तोंडी बेळगाव असतं, पाटीवर बेळगावी आणि यंत्राच्या पोटात बीजीएम. माणूस मात्र पोचायच्या त्याच फलाटावर पोचतो.